एकाच बागेतली संत्री आणि व्हिटॅमिन सीचे दोन आकडे

प्रश्न थोडक्यात असा आहे. वरुडजवळ जंबेरी खुंटावरची, म्हणजे जंबेरीच्या मुळांवर कलम केलेली, बारा वर्षांची नागपुरी संत्र्याची बाग. अर्ध्या बागेत आंबिया बहार (जानेवारी-फेब्रुवारीचा फुलोरा), अर्ध्या बागेत मृग (जून-जुलैचा). गेल्या वर्षापासून पुण्यातल्या गिऱ्हाइकांना थेट पेट्या पाठवणे सुरू केले. त्यातल्या एकाने विचारले, "तुमच्या संत्र्यात व्हिटॅमिन सी किती?" म्हणून नोव्हेंबरात आंबियाचा नमुना एका प्रयोगशाळेत दिला आणि मार्चमध्ये मृगाचा दुसरीकडे. पहिल्या अहवालात आकडा तिशीच्या आत, दुसऱ्यात चाळिशीच्या वर. इंटरनेटवर पाहावे तर 'ऑरेंज : ५३'. आणि आता औषधांचा दुकानदार म्हणतो की व्हिटॅमिन सी वाढवणारे टॉनिक आले आहे, दोन फवारण्या घ्या. यातले खरे काय आणि काय टाकले म्हणजे आकडा वाढेल?

टॉनिकचे आधी सांगतो, कारण पैसे तिथेच जाणार आहेत. घेऊ नका. बाकीचे सावकाश वाचा. पंचवीसेक वर्षे संत्री, मोसंबी आणि लिंबांचा रस काढून तपासणे आणि उरलेल्या वेळात बागा फिरणे हेच माझे काम होते. तुमचे दोन्ही अहवाल मला खोटे वाटत नाहीत. फळाला ऊन किती लागले, पाणी किती मिळाले, पिकताना रात्री किती गार होत्या, ते कधी तोडले आणि रस काढल्यावर किती वेळ कशात ठेवला, या सगळ्यावर हा आकडा हलतो. टॉनिकचा नंबर या यादीत कुठेच लागत नाही.

सुरुवात त्या ५३ पासून करू, कारण ती निव्वळ नावाची गफलत आहे. इंग्रजीत नुसते 'ऑरेंज' म्हटले की ते गोड संत्रे, म्हणजे आपल्या मोसंबीच्या जातीचे फळ. व्हॅलेन्सिया, नेव्हल आणि आपली मोसंबी ही सगळी एका घरची. आपले नागपुरी संत्रे, पंजाबचा किन्नो आणि कुर्गचे संत्रे ही मंडळी मँडरिनच्या घरची. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यात शंभर ग्रॅम खाण्याजोग्या भागामागे गोड संत्र्याला ५३ मिलिग्रॅम आणि मँडरिनला २७ च्या आसपास दिलेले आहे. तुम्ही म्हशीच्या दुधाचा फॅट पाहिला आणि आपली गाय कमी पडली म्हणून तिला पेंड वाढवायला निघालात, असा हा प्रकार आहे. मँडरिन म्हणून पाहिले तर तुमचा कमी आलेला आकडासुद्धा बरोबर रांगेत बसतो.

नावाची हीच गफलत लिंबात होते आणि तिने एकदा माणसे मारली आहेत. परदेशी पिवळा लेमन वेगळा आणि आपले पातळ सालीचे कागदी लिंबू वेगळे. त्याच तक्त्यात लेमनला ५३ आणि लिंबाला २९ आहे. १७४७ मध्ये जेम्स लिंड या डॉक्टरने 'सॅलिसबरी' जहाजावरच्या स्कर्व्ही, म्हणजे व्हिटॅमिन सीच्या अभावाचा रोग, झालेल्या खलाशांच्या सहा जोड्या केल्या. त्यातल्या एका जोडीला रोज दोन संत्री आणि एक लेमन दिला आणि तेच दोघे झपाट्याने उठले. पुढे ब्रिटिश नौदलाने लेमनचा रस सक्तीचा केला आणि स्कर्व्ही जवळजवळ हटला. मग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भूमध्य समुद्राकाठच्या लेमनऐवजी वेस्ट इंडीजच्या मळ्यांतले लिंबू घ्यायला सुरुवात झाली. लिंबू लेमनपेक्षा आंबट, तेव्हा गुणही जास्तच असणार असे सगळ्यांनी धरून चालले. १८७५ मध्ये जॉर्ज नेअर्स यांची मोहीम उत्तर ध्रुवाकडे गेली ती लिंबाच्या रसाच्या बाटल्या घेऊन, आणि पुढच्या वर्षी स्कर्व्हीने मोडून परतली. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गिनीपिग आणि माकडांवर दोन्ही रस तपासले, तेव्हा लिंबाच्या रसाची ताकद लेमनच्या जेमतेम पाव भरली. तेव्हा मोजमापच प्राण्यांवर व्हायचे. गिनीपिग, माकड आणि माणूस यांना व्हिटॅमिन सी स्वतःच्या शरीरात बनवता येत नाही. तुमच्या बांधावरची शेळी ते आपले आपण बनवते, म्हणून तिला संत्र्याची गरज नाही, हौस मात्र भरपूर असते.

यातली आंबटपणाची समजूत अजून गेलेली नाही. "साहेब, फळ चांगले आंबट आहे, सी भरपूर असेल ना?" हे मी किती वेळा ऐकले त्याची गणती नाही. आंबटपणा सायट्रिक आम्लाचा असतो. कागदी लिंबाच्या रसात ते सहा-सात टक्के, म्हणजे शंभर मिलिलिटरमध्ये सहा-सात हजार मिलिग्रॅम. त्याच रसात व्हिटॅमिन सी असते तीसेक मिलिग्रॅम. ते जिभेला कळणारच नाही. अजिबात आंबट नसलेली मोसंबी म्हणूनच लिंबाच्या पुढे जाते. फळ पिकताना आंबटपणा भराभर उतरतो, व्हिटॅमिन सी त्या मानाने हळू उतरते. दोघांची गाठ मारू नका. सालीच्या केशरी रंगाचेही तसेच. तो रंग कॅरोटिनॉइडचा, त्याचे नाते व्हिटॅमिन एशी.

आता बागेत या. व्हिटॅमिन सी मुख्यतः फळ स्वतःच साखरेपासून तयार करते, साखर येते पानांतून आणि पानांना लागते ऊन. एवढे डोक्यात ठेवले की बाकीचे उलगडत जाते. एकाच झाडावर बाहेरच्या घेरातली, उन्हात पिकलेली फळे आणि आत काळोखात लोंबणारी फळे यांच्या आकड्यात ठळक फरक असतो. फ्लोरिडात १९५० च्या सुमारास साइट्स आणि राइट्झ या दोन संशोधकांनी व्हॅलेन्सियाच्या झाडावरची फळे जागेप्रमाणे वेगळी करून, एक एक तपासली होती. वरची आणि बाहेरची फळे सरस, आतली कमी असा स्वच्छ उतार त्यांना दिसला. एका फळातसुद्धा उन्हाकडची बाजू वरचढ असते. आपल्याकडे हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलतो, तेव्हा मृगाच्या फळांत झाडाच्या दक्षिण अंगाची फळे पाहा. रंग, गोडी आणि सी तिन्हींत ती पुढे असतात.

म्हणून मी बागेत गेलो की खताची पोती बघण्याआधी झाडाखाली वाकून वर बघतो. दुपारी बाराला खोडाजवळ जमिनीवर उन्हाचे कवडसे पडत नसतील तर झाड आतून आंधळे झाले आहे. तुमच्या बागेचा फोटो तुम्ही पाठवला आहे त्यात मला पाणसोट, म्हणजे फळ न देणारे जोमदार फुटवे, उभेच्या उभे वर गेलेले दिसतात आणि तोडणीनंतरची सल, म्हणजे वाळक्या काड्या, काढलेली दिसत नाही. वाळलेली सल काढली आणि पाणसोट बुडातून उडवले की आत उजेड जातो. याला मजुरी लागते, बाटली लागत नाही. तुमच्या हातात असलेल्या उपायांत सगळ्यात जास्त फरक मला यातच दिसतो.

दोन बहारांतला फरक आता सोपा होईल. आंबियाचे फूल जानेवारी-फेब्रुवारीत येते, फळ उन्हाळ्यात जीव धरते आणि त्याची खरी वाढ होते पावसाळ्यात. आभाळ झाकलेले, मुळाशी पाणीच पाणी, रात्री उबदार. ऑक्टोबर-नोव्हेंबरात व्यापारी येऊन उभा राहतो तेव्हा थंडी नुकती लागलेली असते. फळ मोठे दिसते, पण रस पातळ. मृगाचे फूल जून-जुलैचे. त्याचे फळ भरते कोरड्या, स्वच्छ उन्हात आणि डिसेंबर-जानेवारीच्या गार रात्री अंगावर घेऊन फेब्रुवारी-मार्चमध्ये उतरते. दिवसा ऊन आणि रात्री गारवा हे संत्र्याला हवे असलेले हवामान. गार रात्री फळाचा श्वासोच्छ्वास मंदावतो, दिवसाची कमाई रात्री खर्च होत नाही. कॅलिफोर्नियातही समुद्राकाठच्या थंड पट्ट्यातल्या ग्रेपफ्रूटमध्ये वाळवंटी भागातल्यापेक्षा व्हिटॅमिन सी जास्त भरते. तेव्हा मृगाचा आकडा वर आणि आंबियाचा खाली, यात आश्चर्य काही नाही. तुमच्या गिऱ्हाइकाची जीभसुद्धा हेच सांगत असेल.

पण इथे एक मेख आहे. फळ जितके कोवळे तितके शंभर ग्रॅममागे व्हिटॅमिन सी जास्त. हिरव्या, लिंबाएवढ्या संत्र्यात प्रमाण सगळ्यात चढे असते. फळ मोठे होते तसा रस वाढतो आणि प्रमाण उतरते. एका अख्ख्या फळात मिळून असलेले सी मात्र वाढतच जाते, कारण रसच कितीतरी पट होतो. मग जास्त कोणते म्हणायचे, कोवळे की पिकलेले? ते तुम्ही शंभर ग्रॅम मोजता की फळ मोजता यावर आहे. झाडावर जास्त दिवस ठेवून अतिपक्व झालेल्या फळात मात्र दोन्ही बाजूंनी तोटा. साल फुगते, फोडी सुटतात, रस आटतो आणि आकडाही पडतो. भाव वाढेल म्हणून मृगाची फळे एप्रिलपर्यंत झाडावर ठेवणारे शेतकरी मी पाहिले आहेत. भाव कधी वाढतो, कधी नाही. फळ मात्र दरवेळी उतरते.

याच हिशेबाने लहान फळात प्रमाण जास्त आणि मोठ्या, डबल दिसणाऱ्या फळात कमी. पेटीतले सगळ्यात देखणे फळ बहुधा सगळ्यात पातळ असते. हे गिऱ्हाइकाला पटवणे अवघड आहे, मला घरीसुद्धा जमलेले नाही.

पाण्याबद्दल एवढेच. उधळू नका आणि तोडूही नका. तोडणीच्या तोंडावर दांडाने भरपूर पाणी दिले की फळाचे वजन वाढते, रस पाणचट होतो आणि गोडीबरोबर सीसुद्धा विरते. उलट, फेब्रुवारीत पाणी तोडून रस घट्ट करायला गेलात तर फळगळ होईल आणि झाड बसेल. ठिबक असेल तर शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत मापात ठेवा, बस्स.

खतांत नत्र, म्हणजे युरिया, हा व्हिटॅमिन सीचा उघड वैरी आहे. नत्र वाढले की पालवी माजते, सावली वाढते, साल जाड होते, रंग उशिरा येतो आणि रसातले सी घटते. जगभरच्या लिंबूवर्गीय बागांत हे पुन्हा पुन्हा दिसलेले आहे. स्फुरद (फॉस्फरस) गरजेपेक्षा जास्त झाले तरी थोडी घट होते. पालाश (पोटॅश) वाढवले तर सी वाढते. आपल्याकडे काळ्या जमिनीत पालाश मुळातच भरपूर, तो टाकायचा कशाला, असा जुना समज आहे. त्यामुळे बागेला वर्षानुवर्षे युरिया आणि डीएपीच मिळते आणि पालाशाला कोणी विचारत नाही. म्हणून पोटॅशची पोती आणा असे मी म्हणत नाही. पालाश अती झाले तर फळ खरबरीत आणि जाड सालीचे होते, मॅग्नेशियमची ओढाताण होते ती वेगळीच. आधी पानांची तपासणी करा आणि आकडा पाहून ठरवा. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेकडे याचे मार्गदर्शन मिळते, अकोल्याच्या कृषी विद्यापीठाकडेही.

जस्ताची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण टॉनिकवाले तिथूनच शिरतात. चुनखडीच्या जमिनीत जस्त आणि लोह झाडाला मिळत नाही. नवी पाने बारीक येतात, शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा पडतो. अशा झाडावर जस्ताची फवारणी घेतली की पान सुधारते, साखर वाढते आणि रसात सीसुद्धा वाढलेले दिसते. म्हणजे उपवास सोडवला म्हणून अंगात ताकद आली. पण भरल्या पोटाच्या झाडावर तीच फवारणी केली तर काही होत नाही. टॉनिकच्या बाटलीवर 'व्हिटॅमिन सी वाढले' असे लिहिलेले असते ते बहुधा उपाशी झाडावरचे असते. तुमच्या झाडाला जस्ताची उणीव असेलच तर साधे झिंक सल्फेट अर्धा टक्का आणि त्यात पाव टक्का चुना नवतीवर, म्हणजे नव्या पालवीवर, फवारा. बाटलीच्या किमतीत सगळी बाग होईल.

सेंद्रिय संत्र्यात सी जास्त असते का, हे तुम्ही विचारले नाही, पण पुणेकर विचारतीलच. बऱ्याचदा थोडे जास्त दिसते. त्याचे मोठे कारण शेणखतातली काही जादू नसून युरियाचा मारा थांबलेला असतो हे आहे. झाड जरा रोड, फळ जरा लहान, रस जरा घट्ट. रासायनिक खते मापात टाकणाऱ्याच्या बागेतही तेच मिळते.

खुंटाचे एका वाक्यात सांगतो, कारण बारा वर्षांच्या बागेत त्याचे काही करता येत नाही. जंबेरी खुंट झाडाला जोमदार करतो, काळ्या जमिनीत टिकवतो आणि उत्पन्न देतो, पण फळाचा रस जरा पातळ करतो. नवीन लागवड करणार असाल तेव्हा याबद्दल बोलू.

आता बागेबाहेर. तोडल्यानंतर लिंबूवर्गीय फळ पालेभाजीसारखे भराभर सी सोडत नाही. मेथी-पालक दोन दिवसांत निम्म्यावर येऊ शकतात. संत्र्याला जाड सालीचे पांघरूण आहे आणि आत आम्लाचा रस आहे, ते दोन्ही व्हिटॅमिन सी सांभाळतात. घात करते ती उष्णता. मार्चच्या दुपारी ताडपत्रीखाली उभ्या ट्रकमध्ये किंवा पत्र्याच्या शेडमध्ये चार दिवस पडलेले फळ सुकते आणि उतरते. नागपुरी संत्रे सहा-सात अंशांवर, भरपूर आर्द्रतेत दीड महिना चांगले राहते. त्याखाली गेलात तर सालीवर चट्टे पडतात. पुण्याला पेट्या पाठवताना फळ पहाटे तोडा, सावलीत गार होऊ द्या आणि रात्रीच्या गाडीला द्या. एथिलीन वायूने रंग चढवल्यामुळे सी घटते अशी भीती असते. मुद्दाम पाहिले तर फरक किरकोळ असतो. त्या खोलीचे तापमान काय होते ते विचारा.

खरा धोका सुरू होतो फळ फोडल्यावर, आणि इथे माझी स्वतःची फजिती सांगतो. नोकरीची पहिली दोन-तीन वर्षे असतील. मृगाच्या हंगामात नमुन्यांची रीघ लागलेली. आमच्याकडे पद्धत अशी की रस गाळायचा, त्यात लगेच मेटाफॉस्फोरिक आम्लाचे द्रावण घालायचे आणि मग निळ्या डायने, म्हणजे रंगद्रव्याने, टायट्रेट करायचे, म्हणजे थेंब थेंब सोडून मोजायचे. बुरेटमध्ये, म्हणजे तोटीच्या मापनळीत, गर्द निळा डाय, खाली फ्लास्कमध्ये रस. निळा थेंब पडतो, आम्लात क्षणभर गुलाबी होतो आणि फिरवला की नाहीसा होतो, कारण तिथले व्हिटॅमिन सी त्याला विरवून टाकते. असे थेंब पडत राहतात. एक थेंब असा येतो की फिकट गुलाबी झाक पंधरा सेकंद मोजली तरी जात नाही. तिथे थांबायचे आणि बुरेटवरचा आकडा लिहायचा. संत्र्याच्या रसाचा पिवळा रंग ही झाक लपवतो, म्हणून डोळा तयार व्हायला वेळ लागतो. माझा डोळा तयार झाला आहे असे मला वाटत होते.

त्या आठवड्यात आकडे पडायला लागले. एका शेतकऱ्याचा, मग दुसऱ्याचा, मग सगळ्यांचे. मी डाय नवीन बनवला, बुरेट धुतली, प्रमाण द्रावण तपासले. सगळे ठीक. शेवटी रस काढणारे आमचे मामा म्हणाले, "साहेब, स्टीलचा गंज गळका झाला म्हणून मी घरून आणला आहे, तेवढाच बदल आहे." पाहिले तर तो गंज, म्हणजे रस ठेवायचे उभे पातेले, पितळी. कल्हई उडून बुडाशी लालसर झालेला. त्यात सकाळी आठ-दहा नमुन्यांचे रस आळीपाळीने ठेवले जायचे आणि माझ्या आळसाने जेवणाची सुटी होईपर्यंत आम्ल न घालता तसेच राहायचे. रसातले आम्ल तांबे विरघळवते आणि तांब्याचा अंशसुद्धा हवेतल्या ऑक्सिजनकडून व्हिटॅमिन सीचा फडशा पाडून घेतो. चूक मामांची नव्हती. गाळल्याबरोबर आम्ल घालण्याचा नियम माझा होता आणि मीच तो मोडला होता. ते सगळे नमुने परत मागवावे लागले, काही शेतकऱ्यांकडे फळच उरले नव्हते.

माझ्या आजीला हे डाय-बियाचे काही माहीत नव्हते, पण कल्हई गेलेल्या पातेल्यात कोणी लिंबू पिळले की ती ओरडायची, "अगं कळकेल ते!" कळकणे म्हणतात ते हेच तांबे. वर सांगितलेला नौदलाचा लिंबाचा रसही तांब्याच्या नळ्यांतून फिरवलेला असायचा. आधीच लेमनपेक्षा कितीतरी कमी, त्यात नळ्यांनी खाल्ले आणि पिंपात पडून राहिले ते निराळेच.

तुमच्या दोन अहवालांत हाही फरक दडलेला असू शकतो. शिवाय नीट पाहा, पहिल्यात एकक काय आहे? शंभर मिलिलिटर रसामागे की शंभर ग्रॅम गरामागे? दोन्ही आकडे सारखे येत नाहीत. डायच्या पद्धतीत आणखी एक खोट आहे. व्हिटॅमिन सीचा एक भाग फळ जुने होताना डीहायड्रो, म्हणजे ऑक्सिजनने बदललेल्या, रूपात जातो. शरीराला तो चालतो, पण डायला तो दिसत नाही. जुन्या फळाचा आकडा म्हणून वास्तवापेक्षा थोडा कमी येतो. रसातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी यंत्रावर दोन्ही रूपे मोजता येतात. दुसऱ्या प्रयोगशाळेने कोणती पद्धत वापरली ते विचारून घ्या.

घरच्या रसाबद्दल समाजमाध्यमांवर फिरते की पाच मिनिटांत प्यायला नाही तर सगळे सी उडून जाते. तसे नसते. काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात झाकून फ्रिजमध्ये ठेवलेल्या संत्र्याच्या रसात दुसऱ्या दिवशीही बहुतेक सी शिल्लक असते. मिक्सरमध्ये फेस येईपर्यंत फिरवलेल्या रसात हवा मिसळते, तिथे नुकसान जास्त. उकळले तर आणखी जास्त. वरणावर लिंबू पिळायचे ते पानात वाढल्यावर पिळतात, फोडणीत घालत नाहीत, हे बरेच आहे. आणि फळातले सगळ्यात जास्त सी असते सालीत. रंगीत सालीत प्रमाण सगळ्यात जास्त, मग सालीच्या आतल्या पांढऱ्या गरात आणि शेवटी रसात. अख्ख्या फळाच्या सीपैकी रसात येतो साधारण चौथा हिस्सा. म्हणून साल खा असे मी म्हणणार नाही, फवारण्या तुम्हीच केल्या आहेत. फोडींवरचे पांढरे धागे मात्र सोलून फेकू नका.

आता पुण्याच्या गिऱ्हाइकाला काय उत्तर द्यायचे ते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ पुरुषाला दिवसाला ८० आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम लागते. तुमचे मध्यम संत्रे सोलून शंभर ग्रॅमच्या आसपास भरते. दिवसाला दोन-तीन संत्री खाल्ली तर बहुतेक गरज भागते, असे सरळ सांगा. त्याने 'सगळ्यात जास्त' विचारले तर खोटे बोलू नका. एक पेरू दोन-तीन संत्र्यांना भारी पडतो आणि आवळा या सगळ्यांच्या पुढे आहे. संत्रे लोक सीसाठी घेत नाहीत, चवीसाठी घेतात. पेटीवर आकडा छापू नका. तो या हंगामाचा आणि त्या झाडाचा असतो. पुढच्या वर्षी पाऊस लांबला की तुमचाच छापील आकडा तुमच्या अंगावर येईल, शिवाय पोषणाचा दावा छापायचे कायदेशीर नियम आहेत ते वेगळेच.

तरी स्वतःच्या माहितीसाठी दोन्ही बहार ताडून पाहायचे असतील तर नमुना असा घ्या. बागेतली दहा-पंधरा झाडे निवडा, धुऱ्यावरची, म्हणजे बांधाकडची, सोडून. प्रत्येक झाडाच्या चारही अंगांची एकेक फळे खांद्याच्या उंचीवर तोडा, अर्धी बाहेरची, अर्धी आतली. नुसती देखणी फळे वेचू नका. सकाळी तोडा, कागदाच्या पेटीत ठेवा आणि त्याच दिवशी पोहोचवा. मोटरसायकलच्या डिकीत दुपारभर ठेवून आणलेले नमुने मी परत पाठवायचो. दोन्ही बहारांचे नमुने एकाच प्रयोगशाळेत, एकाच पद्धतीने आणि एकाच एककात मागा. आणि भाऊ, जमले तर रस गाळतात त्या खोलीत एकदा डोकावून या आणि गंज कशाचा आहे तेवढे पाहा.